कॅन्सरमधून उठलेल्या घरातल्या मुलांचं शिक्षण: पैसा कुठे आणि कसा मागायचा

प्रश्न पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. धाकट्या मुलाला सातवीत असताना रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला अडीच वर्षं उपचार झाले, मुलगा बरा झाला, आता अकरावीत आहे. थोरली मुलगी त्या काळात दहावी करून घरी बसली. आजी, गुरं, शेतातला डबा, सगळं तिनेच पाहिलं. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून बारावी केली. आता तिला नर्स व्हायचंय, तेही कॅन्सरच्याच वॉर्डात. घर ओबीसी, तीन एकर कोरडवाहू, डोक्यावर कर्ज. ताईंनी मोबाइलवर 'कॅन्सर शिष्यवृत्ती' शोधून पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकले. उत्तर कुठूनच आलं नाही. एकाने फोन करून 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा' असं मात्र सांगितलं.

ताई, मी कॅन्सरच्या रुग्णांबरोबर वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. आधी मुंबईत केलं, आता बरीच वर्षं जळगाव-धुळ्याकडे. उपचार चालू असताना पैशाची सोय कशी करायची हे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना हळूहळू कळतं. उपचार संपल्यावर काय, हे कुणी सांगत नाही. 'पोऱ्या वाचना, आते त्यानी शाळा कशी व्हई?' हे मी अनेक आयांच्या तोंडून ऐकलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्हाला उत्तर का आलं नाही. मोबाइलवर 'कॅन्सर सर्व्हायव्हर स्कॉलरशिप' असं टाकलं की जी लांबलचक यादी येते, ती बहुतेक अमेरिकेची असते. तिथे कॉलेजचा खर्च प्रचंड, त्यामुळे कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या तरुणांसाठी खास संस्था उभ्या राहिल्या. कॅन्सर फॉर कॉलेज ही संस्था १९९३ पासून आहे. नॅशनल कॉलेजिएट कॅन्सर फाउंडेशन १८ ते ३५ वयाच्या तरुणांना मदत करते. पण ही मदत तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आहे. पारोळ्याहून केलेला अर्ज तिथे पात्रच ठरत नाही, मग तो कितीही मनापासून लिहिलेला असो. तुमच्या मुलात काही कमी होतं म्हणून हे झालेलं नाही, एवढं त्याला नक्की सांगा. एकदा नकार आला की ही मुलं पुढचा अर्ज करायलाच तयार होत नाहीत.

आपल्याकडे कॅन्सरच्या नावाने शिक्षणाला मदत करणाऱ्या संस्था मोजक्या आहेत, आणि त्यांच्याकडे जायची वाट रुग्णालयातून जाते. मुलावर टाटा मेमोरियलला उपचार झाले असतील तर तिथली एसीटी क्लिनिक, म्हणजे उपचार पूर्ण झालेल्या मुलांची ओपीडी, तुम्हाला माहीत असेलच. ती १९९१ पासून चालू आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना भेटून लगेच गाडी पकडू नका. तिथल्या समाजसेवकांकडे बसा आणि शिक्षणाच्या मदतीबद्दल सरळ विचारा. लहान मुलांच्या कॅन्सरसाठी टाटामध्येच इम्पॅक्ट फाउंडेशन काम करतं. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' नावाचा गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या तरुणांचा. कॅनकिड्स ही २००४ मध्ये सुरू झालेली संस्था देशभरातल्या रुग्णालयांत मुलांसाठी काम करते, शिक्षणाचाही भाग पाहते. आणि उपचाराच्या काळात तुम्ही सेंट ज्यूडच्या केंद्रात राहिला असाल, तर त्यांचा 'सेंट ज्यूड फॉर लाइफ' हा उपक्रम तिथून घरी परतलेल्या मुलांसाठीच आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नाना पालकर समितीत राहिला असाल तर हा दरवाजा नाही, बाकीचे आहेत. रुग्णालयाचा फाइल नंबर या सगळ्यांकडे विचारतात. ते कार्ड जपून ठेवा.

'उगम'सारख्या गटात मुलाला नेऊन बसवा, पैसे मिळोत न मिळोत. तिथे त्याच्यासारखीच मुलं इंजिनिअरिंगला, नोकरीला, लग्न होऊन संसाराला लागलेली दिसतात. आपल्या गावात असं दुसरं मूल त्याला दिसत नाही.

आता खरा पैसा कुठे आहे ते सांगते. तो कॅन्सरच्या नावाने नाहीच. जात, उत्पन्न, मुलगी असणं, वसतिगृह, घरावर आलेलं संकट, या नावांच्या खिडक्यांवर तो आहे. तुमच्या घराचा आजार तिथे मुख्य अट नसतो, पुरावा असतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या वेबसाइटवर, ओबीसींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, ती अकरावी-बारावीपासून लागते. मुलाच्या ज्युनिअर कॉलेजने त्याचा अर्ज भरून घेतला आहे का, हे उद्याच विचारा. खुल्या गटातल्या वाचकांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न चालतं. तिथे मात्र अभ्यासक्रम चालू असताना दोन वर्षांचा खंड पडलेला चालत नाही, आणि आमच्या मुलांचा घात तिथेच होतो. कॉलेजात असताना आजार निघाला तर नाव काढून घरी बसू नका. प्राचार्यांना भेटा, परीक्षा पुढच्या सत्राला द्या, पण नाव पटावर राहू द्या.

बारावीनंतर मुलगा बाहेरगावी शिकायला गेला आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, लहान शहरात कमी. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना तशीच आहे. नंदुरबार, शहादा, धडगाव, चोपडा, यावल भागातल्या पावरा-भिल्ल कुटुंबांनी तळोदा, नंदुरबार, धुळे किंवा यावलच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. तिकडच्या मुलांचे अर्ज फार कमी येतात, याची मला फार खंत वाटते.

आणि एक खिडकी तुमच्या घराला अगदी लागू पडते. एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन उपक्रमात ईसीएसएस नावाची शिष्यवृत्ती आहे. गेल्या तीन वर्षांत घरावर किंवा विद्यार्थ्यावर मोठं संकट आलं आणि त्यामुळे शिक्षण सुटायची वेळ आली, अशा मुलांचा त्यात वेगळा विचार होतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि मागच्या परीक्षेत ५५ टक्के, या मुख्य अटी. मुलाचे उपचार संपून किती महिने झाले ते मोजा. तीन वर्षं भरत आली असतील तर हा अर्ज सगळ्यात आधी.

अर्जाबद्दल थांबून लिहिते, कारण बहुतेक अर्ज इथेच पडतात. आमच्याकडे लोक असा अर्ज घेऊन येतात: 'आम्ही अत्यंत गरीब असून माझ्या मुलास कॅन्सर झाला होता, तरी कृपया मदत करावी ही नम्र विनंती.' यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण समोरच्या टेबलावर असे शेकडो कागद असतात आणि यातून त्याला काहीच पकडता येत नाही. त्याऐवजी रुग्णालयाकडून लेटरहेडवर एक पत्र मागा. त्यात निदान काय होतं, उपचार कोणत्या तारखेला सुरू झाले आणि कोणत्या तारखेला संपले, त्या काळात मुलगा नियमित शाळेत जाऊ शकत नव्हता, आणि आज तो पूर्णवेळ शिक्षण घ्यायला योग्य आहे, एवढं असलं पाहिजे. शेवटचं वाक्य विसरू देऊ नका. पैसे देणाऱ्याच्या मनात 'हा मुलगा शिक्षण पूर्ण करेल ना' ही शंका असतेच, बोलून कुणी दाखवत नाही. डॉक्टरांच्या सहीचं ते एक वाक्य ती शंका घालवतं. सोबत उपचाराचा सारांश मागून घ्या: कोणती औषधं, किती डोस, रेडिएशन दिलं का. हा कागद शिष्यवृत्तीपुरताच नाही. पुढे तीस वर्षांनी कुठल्याही डॉक्टरला तो लागेल.

तुमच्या अर्जात मुलाची हजेरी आणि गुण तारखांसह लिहा. सातवीत अमुक टक्के, आठवीची परीक्षा दिली नाही, नववीत तोंडाने गोळ्या चालू असताना शाळेत परत गेला, दहावीला इतके टक्के. या आजारात शेवटचा मोठा टप्पा गोळ्यांचा असतो. त्या काळात मुलगा शाळेत गेला असेल तर ती त्याची मोठी कमाई आहे, ती दिसू द्या.

उत्पन्नाच्या दाखल्याची अडचण मला रोज दिसते. तहसीलचा दाखला उत्पन्न सांगतो, कर्ज सांगत नाही. कापूस विकला, पट्टी आली, ती कागदावर दिसते. त्याच पैशातून मुंबईची खोली, रक्ताच्या पिशव्या, येणं-जाणं झालं ते दिसत नाही. सरकारी योजनेत याला इलाज नाही, दाखल्यावरचा आकडाच चालतो. खासगी ट्रस्ट मात्र कर्जाचा विचार करतात, कागद जोडला तर. पतसंस्थेचा कर्ज उतारा, सोनेतारणाची पावती, सोसायटीची थकबाकी, सगळ्याच्या झेरॉक्स लावा. आणि औषधाची बिलं आजच झेरॉक्स करा. मेडिकलच्या दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई वर्ष-दीड वर्षात उडून जाते. कोरा कागद घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांनी खर्च केलेले पैसे कशानेच सिद्ध होत नाहीत.

महाडीबीटीचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यातच येतो. मुलाचं खातं एका बँकेत आणि आधार दुसऱ्याच जुन्या खात्याला जोडलेलं, असं आपल्याकडे सर्रास असतं. पैसे त्या बंद खात्याकडे जातात आणि अडकतात. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का' असं विचारा. मार्कशीट आणि आधारवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का तेही पाहा. आणि अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो, तिथल्या बाबूंनी पुढे ढकलावा लागतो. दर पंधरवड्याला स्थिती पाहत राहा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा असतो.

हात-पाय काढावा लागला, ऐकू येणं कमी झालं, आवाज गेला, अशी मुलं असतील तर त्यांचा आणखी एक मार्ग आहे. कॅन्सर स्वतः २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत नाही, पण त्याने मागे ठेवलेलं अपंगत्व मोजलं जातं. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधाने ऐकू येणं कमी होऊ शकतं, आणि तपासल्याशिवाय ते कळतच नाही. मास्तर म्हणतात मुलगा लक्ष देत नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागा लागू होतात. एक डोळा गेलेल्या मुलांच्या पालकांना मात्र आधीच सांगते, दुसरा डोळा चांगला असेल तर ते ३० टक्केच धरतात.

आता तुमच्या लेकीबद्दल. तुमच्या पत्रात तिच्यावर दोनच ओळी होत्या, आणि मला सगळ्यात जास्त तिच्याविषयीच लिहायचं आहे. घरात एक मूल आजारी पडलं की दुसरं मूल मोठं होतं. कुणी त्याला सांगत नाही, ते आपोआप चुलीपाशी जातं. सेवा करणाऱ्या घरच्या माणसासाठी, त्या नावाची शिष्यवृत्ती आपल्याकडे नाही. पण वरची संकटाची शिष्यवृत्ती फक्त आजारी मुलासाठी नाही, घरावरच्या संकटामुळे ज्याचं शिक्षण अडलं त्याच्यासाठी आहे. तिच्या अर्जात स्पष्ट लिहा: भाऊ अमुक ते अमुक तारखेपर्यंत मुंबईला उपचारात होता, आई-वडील त्याच्याबरोबर होते, त्या काळात आजी आणि शेतीची जबाबदारी माझ्यावर होती, म्हणून माझी दोन वर्षं गेली. मुख्याध्यापकांचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, त्यातही 'घरगुती कारण' असं मोघम लिहू नका. खरं कारण लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ते तिच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण आहे.

इथे वाचणाऱ्या दुसऱ्या घरांसाठीही लिहिते. मुलाला नसून आईला किंवा बापाला कॅन्सर असेल, तर घरातल्या १८ वर्षांखालच्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. दरमहा २,२५० रुपये मिळतात, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या पालकांच्या मुलांना दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावं लागतं. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या कितीतरी बाया माझ्यासमोर बसून पोरीची शाळा सोडवल्याचं सांगतात आणि या योजनांचं नावही त्यांनी ऐकलेलं नसतं. उपचाराच्या खर्चाचं बोलणं झालं की मी पहिला प्रश्न विचारते, घरी पोरं किती आणि शाळेत कोण जातं.

लेकीच्या नर्सिंगचं. कला शाखेतून बारावी आहे, म्हणून बीएस्सी नर्सिंग तिला मिळणार नाही, तिथे विज्ञान आणि सीईटी लागते. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, मात्र कुठलीही शाखा चालते, बारावीला इंग्रजीसह ४० टक्के हवेत. सरकारी रुग्णालयांना जोडलेल्या नर्सिंग शाळांचा अर्ज आधी भरा, फी नाममात्र असते आणि रुग्ण भरपूर पाहायला मिळतात. खासगी कॉलेजात दलालाच्या भरवशावर फी भरू नका. राज्याने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्काची माफी जाहीर केली, पण ती सरकारी प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला असते, व्यवस्थापन कोट्याला नसते. ज्या कॉलेजात जायचं त्याच कॉलेजचा तोच अभ्यासक्रम महाडीबीटीवर त्या योजनेत दिसतो का, हे प्रवेशाआधी पाहा.

जीएनएम झालं, नोंदणी झाली, वर्षभर काम केलं, की ऑन्कॉलॉजी, म्हणजे कॅन्सरच्या, नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. टाटा मेमोरियल सेंटर तो चालवतं. जाहिरातीत स्टायपेंड किती ते बघा. केमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर काय करायचं, केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या पोर्टची काळजी कशी घ्यायची, तोंड आलेल्या मुलाला काय खाऊ घालायचं, हे या अभ्यासक्रमात शिकवतात, आणि अशा शिकलेल्या नर्सा खान्देशात अजून हाताच्या बोटांवर आहेत. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, धुळ्याचं त्याआधीपासून आहे. तिथे तिच्यासारखी माणसं लागणार आहेत.

एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या मुलांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. रेडिएशनचं यंत्र चालवणाऱ्या विभागात मेडिकल फिजिसिस्ट लागतो, आणि त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, स्टायपेंडसह. बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून ६० टक्क्यांनी एमएस्सी झालेला मुलगा त्याला बसू शकतो. डॉक्टर आणि अनुभवी नर्सांसाठी यूआयसीसी या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघटनेची महिनाभराची तांत्रिक फेलोशिप आहे. तरुण कॅन्सरतज्ज्ञांसाठी आस्को या अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या कॉन्कर कॅन्सर फाउंडेशनचा आयडिया पुरस्कार आहे. या परदेशी मदती मात्र आपल्याकडच्या माणसांना खरोखर खुल्या आहेत. २०१२ पासूनच्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, म्हणजे देशातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यात, ३०० हून अधिक रुग्णालयं आहेत, त्यांचे प्रशिक्षणाचे कार्यक्रमही पाहत जावेत.

एका अडचणीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोयरिकीच्या भीतीने आपल्याकडे कॅन्सर लपवतात. मुलगा बरा झाला की फाइल पेटीच्या तळाशी जाते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात तो शब्द लिहायला घर तयार होत नाही. मी कुणावर जबरदस्ती करत नाही. पण सांगते: अर्ज गोपनीय ठेवा अशी विनंती करता येते. फोटो, व्हिडिओ, वर्तमानपत्रातली बातमी यांना नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्या. मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्यालाही विचारा.

मुलाने काय शिकावं हेही तुम्ही विचारलं होतं. त्याच्या आवडीचं. फक्त पोलिस भरती किंवा सैन्याची तयारी करायची असेल तर आधी रुग्णालयात विचारून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. रक्ताच्या कॅन्सरच्या काही औषधांचा परिणाम हृदयावर उशिरा दिसू शकतो, आणि पहाटे मैदानावर धावायला लागायच्या आधी ते माहीत असलेलं बरं. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर लक्ष टिकणं, पाठांतर यात अडचण येऊ शकते. ते आळशीपणा समजू नका, कॉलेजला तसं पत्र द्या.

तपासणीला जाताना रेल्वेची सवलत उपचार संपल्यावरही मिळते, कारण ती नियमित तपासणीलाही लागू आहे. रुग्णालयाचा सवलतीचा फॉर्म भरून घेतला तर स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण भाडं माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. वाचलेल्या त्या पैशात लेकीचा प्रवेश अर्ज भरून होतो.

आणि तो फोन. शिष्यवृत्ती देणारी कुठलीही खरी संस्था पैसे देण्याआधी पैसे मागत नाही, ना प्रक्रिया शुल्क, ना अनामत, ना जीएसटी. ओटीपी तर कधीच नाही. त्यांना आधार किंवा पासबुकाचा फोटो पाठवला असेल तर आज बँकेत जाऊन सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पाठवले असतील तर आत्ताच फोन लावा, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.